शार्क, गॅरेज आणि गुऱ्हाळ : कोल्हापूरच्या केबलवरून डिस्कव्हरीचा प्रकरण अभ्यास

कोल्हापुरात केबलवाल्याशी भांडायला जाणारा माणूस मालिका दिसत नाही म्हणून जातो, नाहीतर क्रिकेट दिसत नाही म्हणून. डिस्कव्हरी दिसत नाही म्हणून तावातावानं गेलेला माणूस विरळाच. पण तीच वाहिनी यादीतून काढायची म्हटलं की केबलवाला विचारात पडतो. ‘पोरांना काहीतरी ज्ञानाचं बघू द्या’ असं म्हणत घरातली मोठी माणसं जिच्याकडे बोट दाखवतात ती हीच वाहिनी. स्वतः बघतील न बघतील, पण घरात असायला मात्र पाहिजे. सत्यनारायणाच्या पूजेला न बसणारी माणसंसुद्धा प्रसाद सोडत नाहीत, तसला हा प्रकार.

‘बघणारे थोडे, ठेवणारे जास्त’ ही स्थिती डिस्कव्हरीच्या जन्मापासूनची आहे आणि तिचा सगळा धंदा त्यावरच उभा राहिला. गेल्या ४० वर्षांत वाहिनीनं नाव कायम ठेवलं, पण आतला माल निदान तीनदा बदलला. ‘पूर्वी काय दर्जेदार असायचं, आता काय चाललंय’ हा सूर कायमच ऐकू येतो. त्यात तथ्य आहे, पण कारण सहसा चुकीचं सांगितलं जातं. प्रेक्षकांची अभिरुची घसरली म्हणून माल बदलला असं कुठल्याच टप्प्यावर दिसत नाही. पैसे देणारा बदलला की पाठोपाठ पडदा बदलला, असा क्रम प्रत्येक वेळी दिसतो.

ऊस घालणारेच सभासद

जॉन हेन्ड्रिक्स या अमेरिकन माणसानं १९८२ मध्ये कंपनी काढली आणि १७ जून १९८५ रोजी वाहिनी सुरू केली. हाताशी भांडवल सुमारे ५० लाख डॉलर, वाहिनी पोचणारी घरं १ लाख ५६ हजार आणि प्रक्षेपण दुपारी ३ ते पहाटे ३, असं १२ तासांचं. सुरुवातीच्या गुंतवणूकदारांत बीबीसीही होती.

इतक्या पैशांत १२ तास भरायचे कसे, तर स्वतः काहीच न बनवता. ब्रिटन, कॅनडा, जपान अशा देशांतल्या सार्वजनिक वाहिन्यांनी सरकारी किंवा परवाना शुल्काच्या पैशातून उत्तम माहितीपट बनवून ठेवले होते. त्यांचा खर्च आधीच वसूल झालेला, आणि अमेरिकेत ते कोणी दाखवले नव्हते. असा तयार तास नव्यानं बनवण्याच्या खर्चाच्या एका लहानशा अंशात मिळतो. डिस्कव्हरीच्या सुरुवातीच्या मालापैकी जवळजवळ तीन चतुर्थांश कार्यक्रम अमेरिकन टीव्हीवर पूर्वी कधीच लागलेले नव्हते. दुसऱ्याच्या कोठारातलं धान्य, पण बाजारात नवं.

आपल्याकडेही फिल्म्स डिव्हिजनचं असं कोठार १९४८ पासून भरत आलं होतं. पण आपण माहितीपट सिनेमागृहात सक्तीनं दाखवले, आणि प्रेक्षकांनी ती वेळ शेंगदाणे घ्यायला वापरली. जे फुकट आणि सक्तीनं मिळतं त्याला बाजारभाव असू शकतो, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

माल स्वस्त असला तरी वर्षभरात पैसे आटले. मग १९८६ मध्ये या धंद्यातली खरी चाल खेळली गेली: टीसीआय, कॉक्स, युनायटेड केबल आणि न्यूहाउस या मोठ्या केबल कंपन्या भागीदार झाल्या. कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. ऊस घालणाराच कारखान्याचा सभासद असला की ऊस दुसरीकडे जात नाही. इथे ज्याच्या तारेवर जागा हवी होती तोच मालक झाला. वाहिनी जितक्या घरांत जाईल तितकी त्याच्या भागाची किंमत वाढणार, म्हणून मग तोच तिला घराघरांत ढकलू लागला.

या काळातला पडदा तसाच होता: शांत, सावकाश, निवेदकाच्या आवाजावर चालणारा. कारण पैसे देणाऱ्या केबल कंपनीला प्रेक्षकसंख्या नको होती, प्रतिष्ठा हवी होती. सरकारी समित्यांपुढे आणि मोहल्ल्यातल्या पालकांपुढे ‘आमच्या केबलवर हेही दिसतं’ म्हणून दाखवायला एक स्वच्छ वाहिनी. १९८७ मध्ये सोव्हिएत टीव्हीचे ६६ तास थेट दाखवायचं धाडस तिनं केलं ते याच बळावर. रेटिंगच्या हिशेबात असला कार्यक्रम कुठंच बसला नसता.

फक्त एका ठिकाणी पुढची चाहूल लागली होती. जुलै १९८८ मध्ये उन्हाळ्याच्या मंद आठवड्यात एकाच विषयाचे कार्यक्रम ओळीनं लावायचे ठरलं, विषय शार्क. ‘शार्क वीक’ दरवर्षी होऊ लागला आणि अजून चालू आहे. कार्यक्रम नवे बनवण्यापेक्षा असलेले कार्यक्रम एका दोरीत ओवले की त्यांचा सण होतो, हे तेव्हा कळलं.

मग विस्तार झाला. १९८९ मध्ये युरोप, १९९१ मध्ये टीएलसी या वाहिनीची खरेदी, १९९६ मध्ये ॲनिमल प्लॅनेट ही नवी वाहिनी. मध्येच दुकानांची एक साखळीही घेतली, दुर्बिणी आणि डायनासोरची खेळणी विकणारी. २००७ मध्ये ती शंभरावर दुकानं बंद करावी लागली. वाहिनीवर प्रेम असणं वेगळं आणि तिच्या नावाचा टी-शर्ट विकत घेणं वेगळं.

मुंग्यांची जागा

भारतात डिस्कव्हरी आली १९९५ च्या ऑगस्टमध्ये. केबल कायदा त्याच वर्षीचा. कोल्हापूरच्या पेठांत तेव्हा केबलचं जाळं गच्चीवरून गच्चीवर, लाइटच्या खांबांवरून आणि सोयीच्या झाडांवरून गेलेलं. गच्चीवर मोठी जाळीदार डिश, खाली खोलीत फळीवर रिसीव्हर आणि मॉड्युलेटर. उपग्रहावरून येणारी सी-बँड लहर, ३.७ ते ४.२ गिगाहर्ट्झची, डिशच्या तोंडावरचा एलएनबी ९५० ते १४५० मेगाहर्ट्झवर उतरवतो, रिसीव्हर त्यातून एक वाहिनी काढतो आणि मॉड्युलेटर ती तारेवरच्या एका ठरावीक खान्यात बसवतो. एका वाहिनीला एक रिसीव्हर, एक मॉड्युलेटर, एक खाना. कुठला खाना मिळाला यावर त्या वाहिनीचं नशीब.

याचं कारण तारेत आहे. घरात येणाऱ्या आरजी-६ तारेच्या १०० मीटरमध्ये ५५ मेगाहर्ट्झचा सिग्नल सुमारे ५ डेसिबलनं पडतो, ८६० मेगाहर्ट्झचा मात्र सुमारे २० डेसिबलनं. म्हणजे खालच्या खान्यातली वाहिनी लांबवर स्वच्छ पोचते आणि वरच्या खान्यातली वाटेत दमते. खांबावरच्या ॲम्प्लिफायरला वरच्या टोकाला जास्त उचल देणारा ‘टिल्ट’ असतो, पण लाइनमन तो लावतो तो लोकप्रिय वाहिन्या चांगल्या दिसेपर्यंतच. पुढे जुन्या वाड्यात एका जोडणीवर तीन टीव्ही. दुपदरी स्प्लिटर प्रत्येक बाजूला साडेतीन-चार डेसिबल खातो, तिपदरी आणखी. पावसाळ्यात कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की तांबं हिरवं पडतं आणि पहिला फटका वरच्या खान्यांनाच बसतो. टीव्हीच्या मागे सिग्नलची ताकद किमान ६० डेसिबल मायक्रोव्होल्ट पाहिजे, त्याखाली गेलं की पडद्यावर मुंग्या.

प्राइम बँडमधले खालचे खाने दूरदर्शन, मालिका, सिनेमा आणि क्रिकेटला जात. डिस्कव्हरीसारखी वाहिनी शेपटाला. त्यात बटणं दाबून ८ किंवा १२ वाहिन्या लावायचे जुने टीव्ही वरचे खाने पकडतच नसत. आफ्रिकेच्या गवताळ रानातला चित्ता कोल्हापूरच्या किती घरांत मुंग्यांतून धावला असेल! एक चित्र उपग्रहापासून बावीस हजार मैलांवरून निष्कलंक येतं आणि शेवटच्या ८० मीटरमध्ये नासतं, हा केबलचा जुना विनोद आहे.

आवाजाचा प्रश्न वेगळा होता. ॲनालॉगमध्ये एका खान्याला आवाजाची एकच वाट. इंग्रजी किंवा हिंदी, जो ठेवायचा तो एक. हिंदी आवाज आल्यावरच या वाहिनीचा प्रेक्षक खऱ्या अर्थानं पेठेत उतरला. त्या हिंदीची चेष्टा पुष्कळ झाली, गोऱ्या मेकॅनिकच्या तोंडी ‘हे भगवान’ वगैरे. पण डबिंगवाल्यांनी एक गोष्ट नेमकी ओळखली होती: जुन्या शांत माहितीपटाला हिंदी निवेदन लावलं की ते शाळेच्या धड्यासारखं वाटतं, आणि दोन माणसं भांडताना दाखवली की हिंदी एकदम जिवंत होते.

डिजिटल आल्यावर भाषा वाढायला हव्या होत्या. केबल डिजिटल करण्याच्या सरकारी कार्यक्रमात कोल्हापूर शहर तिसऱ्या टप्प्यात होतं, मुदत ३१ डिसेंबर २०१५. आता एका ८ मेगाहर्ट्झच्या खान्यात, ६४ क्वाम या डिजिटल पद्धतीनं, सुमारे ३८ मेगाबिट बसतात. एक साधी वाहिनी ३ मेगाबिट धरली तर एकाच खान्यात १२. वाहिनीसोबत चार-पाच भाषांचे आवाज येऊ शकतात, प्रत्येकी साधारण १२८ किलोबिट. पाच भाषांचे ६४० किलोबिट, अशा दहा वाहिन्या असल्या की ६.४ मेगाबिट, म्हणजे दोन वाहिन्यांची जागा गेली. म्हणून हेडएंडवर, म्हणजे वाहिन्या गोळा करून तारेवर सोडणाऱ्या केंद्रावर, नको त्या भाषा छाटल्या जातात. रिमोटवरचं ऑडिओचं बटण दाबून हिंदीशिवाय काहीच मिळत नसेल, तर ती भाषा वरून येत नाही असं लगेच समजू नये. ती वाटेत उतरवलेली असू शकते.

एकच गुऱ्हाळ, तीन वेळा

आता मधला मोठा बदल. १९९० च्या दशकाअखेर अमेरिकेत माहितीच्या वाहिन्यांची गर्दी झाली. हिस्टरी १९९५ मध्ये आली, नॅशनल जिओग्राफिक तिथे २००१ मध्ये. तारेवरची जागा सगळ्यांनाच मिळाली आणि डिस्कव्हरीच्या प्रतिष्ठेला स्पर्धक आले. जाहिरातदाराचा वाटा वाढला, आणि त्याला १८ ते ४९ वयाचा पुरुष बसून राहायला हवा होता. २००३ च्या जानेवारीत ऐकीव समजुती प्रयोगानं तपासणारा ‘मिथबस्टर्स’ सुरू झाला, त्याच सुमारास मोटारसायकली बनवणाऱ्या बापलेकांचा ‘अमेरिकन चॉपर’, २००५ मध्ये बेरिंग समुद्रातल्या खेकडे पकडणाऱ्यांचा ‘डेडलिएस्ट कॅच’, २००६ मध्ये जंगलात एकट्यानं तग धरण्याचा ‘मॅन व्हर्सेस वाइल्ड’.

या बदलाचं व्याकरण गुऱ्हाळावरून सहज कळतं. करवीर तालुक्यातलं एखादं गुऱ्हाळ घ्या. हंगाम ऑक्टोबर ते मार्च. घाण्यातून रस काहिलीत, खाली चुलवाणात चिपाडांचा जाळ. रस तापला की भेंडीचं चिकट पाणी घालून मळी वर आणायची आणि झाऱ्यानं काढायची. दोन-अडीच तासांनी पाक ११८ अंशांच्या आसपास येतो. गुळव्या थेंब पाण्यात टाकून गोळी बघतो, आणि ‘ओढा’ म्हटलं की चार-पाच माणसं काहील ओढून वाफ्यात उलथी करतात. मिनिटभर उशीर झाला तर गूळ करपून काळा, लवकर झाला तर ढेप बसत नाही.

१९८५ च्या डिस्कव्हरीनं हे दाखवलं असतं ते उसाच्या इतिहासापासून. ऊस, राजर्षी शाहूंनी वसवलेली गुळाची पेठ, रसातली साखर, चुन्याचं काम, आकृती. गुळव्या दिसला असता, पण तो ‘एक कारागीर’. त्याचं नाव कोणी सांगितलं नसतं. प्रेक्षक ज्ञान घेऊन उठला असता. अर्थात, उठला असता हेच जाहिरातदाराचं दुखणं.

२००५ ची डिस्कव्हरी गुळव्यापासून सुरू करेल. पहिल्या दोन मिनिटांत उकळती काहील, साखळीची करकर, कोणाच्या तरी हातावरचा जुना डाग. मग समस्या: आज सहा काहिली उतरवायच्या आहेत आणि चिपाडं ओली आहेत. गुळव्या आणि जाळ घालणाऱ्याचं पटत नाही, त्यात नवा पोरगा आजच कामाला आलाय. तास सहा भागांत कापायचा आणि प्रत्येक भाग ‘ओढा’ म्हणायच्या क्षणापाशी तोडायचा. जाहिरातीआधी २० सेकंद ‘पुढे काय होणार’, जाहिरातीनंतर ३० सेकंद ‘आतापर्यंत काय झालं’. पाच ब्रेकचे ५० सेकंद म्हणजे चार मिनिटं, वर सुरुवातीची दोन. ४४ मिनिटांच्या तासात खरी गोष्ट ३८ मिनिटं. भेंडीच्या पाण्यानं मळी का वर येते, याला आता ४० सेकंद मिळणार, तेही संगणकचित्रात.

टीकाकार इथे थांबतात. पण हिशेब पुढे आहे. पहिल्या पद्धतीचा तास एकदाच बनतो. दुसऱ्या दिवशी नवा विषय, नवं संशोधन, नवी परवानगी. दुसऱ्या पद्धतीत त्याच गुऱ्हाळात पूर्ण हंगाम मुक्काम ठोकला की दहा तास निघतात. कॅमेरे तेच, माणसं तीच, पाटलांची परवानगी एकदाच. शिवाय हे गुळव्याच्या तोंडचं असल्यामुळे तज्ज्ञाचं मानधन नाही. दर तासाचा खर्च खाली येतो आणि प्रेक्षक पुढच्या आठवड्यात परत येतो, ‘त्या नव्या पोराचं काय झालं’ बघायला. प्रामाणिकपणे सांगायचं तर या पद्धतीतून चांगलं कामही निघालं. हातानं काम करणाऱ्या माणसाला नाव, आवाज आणि स्वभाव मिळाला. जुन्या माहितीपटांत तो कधीच नव्हता.

बिघाड झाला तो प्रमाणात. २००४ च्या सुमारास गॅरेज आणि मोटारसायकली इतक्या झाल्या की वाहिनीची ओळखच ग्रीसनं माखली. बीबीसीतून जेन रूट यांना आणलं गेलं, आणि २००७ मध्ये बीबीसी व जपानच्या एनएचकेसोबत भागीदारीत केलेल्या ‘प्लॅनेट अर्थ’नं प्रतिष्ठा परत मिळवून दिली. हा तोल या धंद्यात नेहमी लागतो: वर्षातून एक महागडा, सगळ्यांनी नावाजलेला डोंगर, आणि उरलेले दिवस गॅरेजवर.

तिसऱ्या वेळचं गुऱ्हाळ खोटंच निघालं. ऑगस्ट २०१३ मध्ये शार्क वीकची सुरुवात मेगालोडॉनच्या कार्यक्रमानं झाली. लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेला महाकाय शार्क अजून जिवंत असल्याचे ‘पुरावे’, शास्त्रज्ञांच्या भूमिकेत नट, आणि खुलासा डोळ्याला लागेल न लागेल असा. प्रेक्षक ४८ लाख, तोवरच्या शार्क वीकमधला उच्चांक. आणि नंतर शास्त्रज्ञांचा संताप. गुळात साखर मिसळली की रंग उजळतो आणि भावही चढतो, पण पेठेतला जुना आडत्या ढेप फोडून जिभेवर ठेवतो. माहितीच्या वाहिनीचा माल म्हणजे विश्वासच. खरे शार्क संशोधक कॅमेऱ्यापुढे यायला बिचकू लागले, हा तोटा रेटिंगच्या तक्त्यात कुठंच दिसत नव्हता. २०१५ च्या जानेवारीत नवे प्रमुख रिच रॉस यांनी असले कार्यक्रम या वाहिनीवर पुन्हा नाहीत असं जाहीर करून टाकलं.

३६ पैशांचा माणूस

भारतात वाहिनीचा गुंता वेगळा. आपल्याकडे जाहिरातीला तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे, १० जाहिरातींची आणि २ स्वतःच्या प्रसिद्धीची. त्यामुळे अमेरिकेचा ४४ मिनिटांचा तास आणला की चार मिनिटं उरतात आणि ती भरायला तेच तुकडे पुन्हा पुन्हा दिसतात. प्रेक्षक त्याला ‘सारखं तेच तेच’ म्हणतो. तक्रार खरी आहे, फक्त तिचं मूळ या चार मिनिटांत आहे.

२०१९ च्या फेब्रुवारीपासून ट्राय या दूरसंचार नियामकाची नवी दरपद्धत आली. तेव्हा पहिल्या १०० वाहिन्यांच्या जागेसाठी १३० रुपये आणि जीएसटी, मिळून १५३ रुपये ४० पैसे, आणि पैशाच्या वाहिन्या वेगळ्या. आता समजा एका माहितीच्या वाहिनीची किंमत ४ रुपये आहे. ८० टक्के, म्हणजे ३ रुपये २० पैसे वाहिनीला. उरलेले ८० पैसे वितरणाचे. वेगळा करार नसेल तर त्यात ५५ टक्के हेडएंडवाल्या मोठ्या ऑपरेटरचे, ४५ टक्के गल्लीतल्या केबलवाल्याचे. म्हणजे ज्यानं दारात उभं राहून ‘ही पण घ्या की’ म्हणायचं, त्याला मिळणार ३६ पैसे. अमेरिकेत १९८६ मध्ये ज्याला मालकी दिली, त्याच्या इथल्या भावंडाच्या हातात ३६ पैसे पडले. सभासद आणि रोजंदार यांतला फरक तो हाच. साहजिकच वाहिनी एकटी विकत नाही, गठ्ठ्यात विकावी लागते, आणि गठ्ठ्यात टिकायचं तर मनोरंजनाशी तुलना होते.

त्या तुलनेच्या मोहातून फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘डिस्कव्हरी जीत’ काढली गेली. हिंदी मालिकांच्या मैदानात उडी, सारागढीच्या लढाईवर मालिका, स्वामी रामदेव यांच्यावर मालिका. काही महिन्यांत नव्या मालिका थांबल्या. कारण सरळ आहे. मालिकेला रोज रात्री ठरलेल्या वेळी येणारा प्रेक्षक लागतो, आणि डिस्कव्हरीचा प्रेक्षक चाळता चाळता थांबणारा. नाव डिस्कव्हरीचं असल्यामुळे मालिकावाले आले नाहीत, आणि मालिका असल्यामुळे डिस्कव्हरीवाले आले नाहीत. लहान मुलांच्या वाहिनीवरचा ‘लिटल सिंघम’ त्याच वर्षी मात्र चांगला चालला. तिथे नव्या प्रेक्षकासाठी नवी वाहिनी होती, जुन्या अब्रूचं ओझं नव्हतं.

मग १२ ऑगस्ट २०१९. रात्री ९ वाजता पंतप्रधान नरेंद्र मोदींसोबतचा ‘मॅन व्हर्सेस वाइल्ड’चा भाग, कॉर्बेटच्या जंगलातला. देशभर चर्चा. कोल्हापूर मात्र त्या आठवड्यात पाण्यात होतं. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पंचगंगा ५५ फुटांच्याही वर जाऊन नुकती उतरू लागलेली. शिरोलीजवळ महामार्ग अनेक दिवस बंद, शहराचा बराच भाग विजेविना. आणि कोएक्स, म्हणजे तांब्याच्या केबलतारेचं जाळं विजेवर चालतं. हेडएंडला जनरेटर असला तरी खांबावरच्या ॲम्प्लिफायरला वीज नसेल तर पुढची सगळी गल्ली आंधळी. पूर आलेल्या गावात जंगलात तग धरायचे धडे दाखवणारा कार्यक्रम पोचला तो बहुधा मोबाइलवर, तोही तुकड्यातुकड्यांनी.

त्याच दिवसांत लोकांना हवी होती ती चित्रं स्थानिक केबलवाल्यांच्या आणि हौशी लोकांच्या कॅमेऱ्यात होती. जयंती नाल्याचं पाणी कुठवर आलं, व्हीनस कॉर्नरला काय स्थिती, कुठली बोट कुठे. माहितीपटाचा कच्चा माल यापेक्षा अस्सल कुठला असणार.

कोठार

पुढचा बदल थोडक्यात सांगता येतो. अमेरिकेत लोकांनी केबल तोडायला सुरुवात केली, आणि २०१० नंतर १० कोटींच्या आसपास घरांत पोचलेली वाहिनी उतरणीला लागली. कंपनीनं २०१८ मध्ये स्क्रिप्स नेटवर्क्स ही वाहिन्यांची कंपनी घेतली, मार्च २०२० मध्ये भारतात आणि जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेत स्वतःची स्ट्रीमिंग सेवा काढली, आणि ८ एप्रिल २०२२ रोजी वॉर्नरमीडिया या सिनेमा-टीव्हीच्या कंपनीशी एकत्र येऊन ५० अब्ज डॉलरच्या वर कर्ज डोक्यावर घेतलं. आता पैसे देणारा म्हणजे सावकार. जून २०२५ मध्ये कंपनीनं दोन तुकडे करायचं जाहीर केलं: एका बाजूला सिनेमा आणि स्ट्रीमिंग, दुसऱ्या बाजूला जुन्या केबल वाहिन्या. त्या आखणीत डिस्कव्हरी दुसऱ्या बाजूला होती.

या सगळ्या उलथापालथीत एक गोष्ट हलली नाही, ती म्हणजे कोठार. १९९८ मध्ये चित्रित झालेला मगरींचा तास आजही विकता येतो, कारण तो विकण्यासारखा ठेवलेला असतो. अशा वाहिनीला तास द्यायचा तर नुसती तयार फिल्म चालत नाही. निवेदनाशिवायचा संगीत आणि परिसरध्वनीचा वेगळा माग (ट्रॅक) लागतो, त्यावर दुसऱ्या भाषेचा आवाज चढवतात. पडद्यावर अक्षरं नसलेली स्वच्छ प्रत लागते, म्हणजे नावं नव्या लिपीत टाकता येतात. सेकंदाबरहुकूम संहिता, प्रत्येक संगीततुकड्याचा कालावधी आणि हक्क लिहिलेला तक्ता, आणि दिसणाऱ्या प्रत्येक माणसाच्या व जागेच्या सह्यांचे कागद लागतात. यातला एक कागद नसला तर तास कायदेशीरदृष्ट्या अर्धा मेलेला.

गुऱ्हाळावरच ४८ मिनिटांचा तास करायचा तर चित्रण वीसपट धरावं, १६ तास. कॅमेरा ५० मेगाबिटवर चालवला तर तासाला २२.५ जीबी, म्हणजे ३६० जीबी, आणि तीन प्रती ठेवायच्या तर १,०८० जीबी. एक प्रत गावाबाहेर, नदीपासून लांब. कोल्हापुरात ही सूचना जास्तीची वाटू नये. ध्वनी सर्वांत आधी नासतो: घाण्याच्या इंजिनाशेजारी बोललेलं काहीही नंतर उपयोगी पडत नाही, म्हणून गुळव्याला कॉलरचा माइक लावावा आणि इंजिन बंद असताना त्याच्याकडून मुद्दे पुन्हा बोलून घ्यावेत. वाफेनं भिंग धुकटतं, तेव्हा कॅमेरा २० मिनिटं आधी आत आणून तापू द्यावा. गुळव्याची आणि मालकाची सही पहिल्या दिवशीच घ्यावी. शेवटच्या दिवशी हिशेबावरून कोणाचं तरी बिनसलेलं असतं.

स्थानिक केबलची नोंद बहुधा याच्या उलट असते. जसं प्रक्षेपण गेलं तसंच साठवलेलं. कोपऱ्यात लोगो पक्का बसलेला, आवाजात निवेदक आणि पाण्याचा लोट एकाच मागावर मिसळलेले, आणि पडद्याच्या खालच्या पट्टीवर साडी सेलची जाहिरात. चित्रात राजाराम बंधाऱ्याची फूटपट्टी, आणि पाण्याचा आकडा नेमका त्या पट्टीखाली झाकलेला.